दिवेलागणीआधी मांजर घरात

पोरी, तुझी दोन्ही मांजरं बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर वाढली. खिडकीच्या ग्रिलमधून कबुतरं बघायची, एवढंच त्यांनी बाहेरचं जग पाहिलेलं. आता तू त्यांना घेऊन वाढवणला कायमची राहायला येतेस आणि सामान बांधायच्या आधी फोनवर विचारतेस, "आत्या, तिकडे त्यांना मोकळं सोडलं तर चालेल ना?" चालेल की. अंगण आहे, परस आहे, मागे चिकूची वाडी आहे. पण गावातली मांजरं आपापली हिंडतात आणि आपापली जगतात असं वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. तशी हिंडणारी पुष्कळ असतात, म्हातारी होणारी फार थोडी. आपल्या घरातली व्हायची, कारण आजीचा एक नियम होता. दिवसा मांजर कुठेही असो, दिवेलागणीआधी ते घरात.

ते कसं जमायचं ते आधी ऐक, बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. सकाळी ती मांजरांना जेमतेम द्यायची. पोटभर जेवण संध्याकाळी, रोज त्याच वेळेला, त्याच कोपऱ्यात. आणि ताटली ठेवायच्या आधी पत्र्याचा डबा खुळखुळ वाजवायची. आत सुका जवळा. त्यातला चिमूटभर ताटलीवर टाकायची, जास्त नाही. हाक मारून मांजर येत नाही, आलं तर त्याची मर्जी. पण डबा वाजला की वाडीच्या टोकाला असलं तरी धावत येतं. तू आल्या दिवसापासून हे सुरू कर. डबा वाजवलास की दर वेळी काहीतरी मिळालं पाहिजे, आणि औषध पाजायला किंवा पिंजऱ्यात घालायला डबा कधी वाजवायचा नाही. एकदा फसवलंस की पुन्हा विश्वास बसायला फार दिवस जातात. मीठ लावलेलं सुकं मात्र त्या डब्यात नको.

आल्या आल्या दार उघडायचं नाही. कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर घराला, आणि तुझ्या मांजरांचं घर अजून बोरिवलीतच आहे. पहिल्याच आठवड्यात सोडलीस तर ती ते शोधायला निघतील. तीन-चार आठवडे आत ठेव. आधी एकच खोली दे, मग माजघर, मग पडवी. त्यांच्या घाणीच्या ट्रेमध्ये रोज थोडी वाडीची माती मिसळत जा, म्हणजे पुढे बाहेर कुठे बसायचं ते त्यांना आपोआप कळेल. त्या दिवसांत ती खिडकीत बसून सगळं ऐकतील: लाटा, कोंबडे, होड्यांची इंजिनं, शेजारचं कुत्रं. ऐकू दे. आधी ओळखीच्या आवाजात जाणारं मांजर सैरावैरा पळत नाही.

पहिल्यांदा बाहेर न्यायचं ते संध्याकाळच्या जेवणाआधी तासभर, पोट रिकामं असताना. उचलून न्यायचं नाही. दार उघडून तू ओट्यावर बस आणि ते आपल्या पायांनी उंबरठा ओलांडेल तेव्हा ओलांडू दे. आपल्या पायांनी गेलं की परतीची वाट वासावरून लक्षात राहते, उचलून नेलं की राहत नाही. मागचं दार उघडंच ठेव, घाबरलं तर त्याला त्याच दाराने आत पळता आलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी डबा वाजव. जेवण आत. पुढे रोज थोडा थोडा वेळ वाढवायचा. दोघांना एकदम नको. धीट कोण आणि भित्रं कोण ते तुला माहीत आहे, भित्र्याला आधी, एकट्याला.

आता यातलं सगळ्यात कडक. नसबंदी आणि लसी झाल्याशिवाय एकानेही बाहेर पाऊल टाकायचं नाही. आजीच्या काळी हे नव्हतं, त्यामुळे तिचा अर्धा जन्म पिल्लांची सोय लावण्यात गेला. मांजरी पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात ना, ती सातही घरं आमच्या ओळखीची असायची. मांजरी साधारण 63 ते 65 दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. बोक्याचं तर बघायलाच नको, मादीच्या वासावर तो रस्ते ओलांडत, मारामाऱ्या करत कुठल्या कुठे जातो. चावाचावीतून मांजरांचे मोठे आजार पसरतात ते असे. पाच-सहा महिन्यांचं झालं की शस्त्रक्रिया करता येते. ती झालेला बोका घराभोवती रमतो, सुस्तावतो, थोडा जाडही होतो, तेवढं चालवून घे.

लसी दोन. एक मांजरांच्या साथीच्या रोगांवरची, पिल्लाला आठव्या आठवड्यापासून सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस देतात. दुसरी रेबीजची, तीन महिन्यांनंतर, आणि मग दरवर्षी चुकवायची नाही. इथल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-बैल आणि शेळ्यांची वर्दळ जास्त, मांजराची लस असेलच असं धरू नकोस. म्हणून नसबंदी आणि लसी, दोन्ही मुंबईतच उरकून ये. इथे अडचण आली तर 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर फोनमध्ये ठेव. मोठं काही झालं तर वाणगावला गाडी पकडायची आणि थेट परळ. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे 1886 पासून आहे, आणि जुनी माणसं ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात तेही परळलाच. विरारची लोकल डहाणूपर्यंत 2013 साली आली तेव्हापासून हा प्रवास सोपा झाला, पण गर्दीच्या वेळी टोपलीतलं मांजर नेणं म्हणजे दोघांचेही हाल; दुपारची गाडी बघ. तुला किंवा पोरांना कुठल्याही मांजराने चावलं, अगदी आपल्या, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. हळद, चुना, तंबाखू लावत बसू नकोस.

अंगणाचं बोलू. तुझा नवरा म्हणाला, ऑनलाइन तयार पिंजरा मिळतो, त्याला कॅटिओ म्हणतात. किंमत ऐकून मी गप्प बसले. अरे, मासेमारांच्या गावात राहून जाळीवर पैसे घालवायचे? किनाऱ्यावर जा आणि डोलवाल्यांना विचार. डोलीच्या जाळ्याचं तोंड मोठं असतं, तिथली आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, हाताएवढी मोठी. मागे मागे बारीक होत जाते आणि शेवटी खोला येतो, जिथे मासळी साठते. आपल्याला तो खोल्याकडचा बारीक आसेचा भाग हवा. मांजराचं डोकं जिथून जातं तिथून अख्खं मांजर जातं, हे लक्षात ठेवून आस निवड. मोठ्या मांजराला दीड इंचापर्यंत चालेल, पिल्लांना इंचाच्या आतच. वळलेल्या दोऱ्याचं जाळं घे. तंगुसाचं, म्हणजे एकेरी पारदर्शक धाग्याचं, अजिबात नको. त्यात पाय अडकून मांजर ओढायला लागलं की कातडी कापते.

जुनं जाळं आणलंस तर आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन वाळव. का ते तुला पहिल्याच रात्री कळेल, नाहीतर मासळीच्या वासाने मांजरं जाळंच चावत बसतील. दोन हातांनी ताणून बघ. नायलॉन उन्हाने कुजतं, वरवर चांगलं दिसतं आणि ओढलं की फाटतं, तेव्हा दर दिवाळीला ताणून तपासायचं. चौकटीला बांबू उत्तम. लोखंडी तारेची जाळी हवीच असेल तर प्लॅस्टिकचं आवरण असलेली घे. साधी तार खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही, गंजून तिची टोकं सुटतात आणि मांजराच्या पंजात घुसतात.

ओट्याला लागून, मोरीच्या बाजूला, खाटेएवढी जागा वेढलीस तरी सुरुवातीला पुरे. वर अर्ध्या भागावर पत्रा, म्हणजे पावसातही बसता येईल. आत वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन फळ्या, एक वाळूचं घमेलं, एका कुंडीत दूर्वा. मांजरं गवत खातात, खाऊ दे. पडवीची खिडकी त्यात उघडेल असं कर. ज्या दिवशी तू डहाणूला बाजाराला गेलीस, घरात पाहुणे आले, वाडीत फवारणी चालू आहे, त्या दिवशी मांजरांना एवढंच बाहेर. उरलेल्या दिवशी मोठं अंगण.

पूर्ण अंगणाला कुंपण करणार असशील तर सहा फूट उंची आणि वरचं टोक आतल्या बाजूला दीड-दोन फूट कलतं ठेव. त्या कलत्या भागातली जाळी जरा ढिली सोड. मांजर भिंत चढतं, पण हलणाऱ्या, झुकणाऱ्या वस्तूवर भार द्यायला कचरतं. कुंपणालगतचं झाड ही त्याची शिडी असते. आपले नारळवाले उंदीर वर जाऊ नयेत म्हणून खोडाला पत्र्याचा पट्टा ठोकतात, तसाच कुंपणाजवळच्या झाडांना ठोक. ताडावर तर मुळीच चढू द्यायचं नाही. मांजराची नखं मागे वळलेली, चढताना धरतात, डोकं खाली करून उतरताना धरत नाहीत. वर जाऊन बसलं तर खाली आरडाओरडा करणाऱ्या पोरांना हाकल, बुंध्याशी ताटली ठेव, डबा वाजव आणि थांब. बहुतेक वेळा भूक लागली की उलटं सरकत येतं. दिवस मावळेपर्यंत नाही आलं तर ताडीवाल्याला बोलाव.

विहिरीवर जाळं आजच्या आज टाक. कठडा असला तरी. कठड्यावर बसून पाण्यातल्या बेडकाकडे बघणं हा मांजरांचा आवडता उद्योग. जाळ्याखेरीज एक जाड काथ्याचा दोर आत पाण्यापर्यंत सोडून ठेव, पडलं तर त्याला नखं रोवून चढता येतं. गुळगुळीत नायलॉनच्या दोराचा उपयोग नाही.

कुत्र्यांचं काय, हे तू विचारलंच नाहीस, आणि खरी भीती तीच आहे. बिबट्या पूर्वेकडच्या जंगलात, खाडीकाठी कोल्हे, हे खरं. पण वलांडीवर बोंबील वाळत असतात तिथे घुटमळणारी कुत्री रोज भेटतात. कुत्र्यापुढे मांजराला फक्त वर जाता आलं पाहिजे. अंगणात कुठेही उभं राहून बघ, चार-पाच उड्यांत पोचता येईल अशी उंच जागा आहे का? नसेल तर तिथे एक जाड ओंडका उभा कर, त्याला काथ्या गुंडाळ, वर फळी ठोक. पडवीच्या खिडकीचा एक गज असा काढून घे की मांजर आत येईल आणि कुत्रं येणार नाही.

पट्टा घालून फिरवायची हौस असेल तर मानेचा पट्टा नको, छातीला येणारा घे. आधी घरातच आठवडाभर घालून सवय कर, पहिले काही दिवस मांजर जमिनीला चिकटून झोपतं आणि आपल्याला वाटतं लकवा मारला की काय. आणि बांधून कधीही जाऊ नकोस. बांधलेल्या मांजराने कुंपणावरून पलीकडे उडी मारली की ते लटकतं. गळ्यात तुझा फोन नंबर लिहिलेला पट्टा जरूर घाल, पण झटका बसला की आपोआप सुटणारा.

आता मासळी. शहरातल्या माणसाला वाटतं, किनाऱ्यावरचं मांजर म्हणजे स्वर्गात. इथे मांजरं मरतात ती बरीचशी मासळीच्याच पायी. गळाला लागलेला तुकडा मांजर गिळतं आणि तोंडातून तंगूस लोंबत राहतो. तो ओढायचा नाही. ओढलास तर आत गळ रुततो, किंवा आतडं गोळा होऊन कापलं जातं. बाहेर वीतभर ठेवून कापायचा आणि लगेच डॉक्टर. जाळी विणताना पडणाऱ्या दोऱ्यांचंही तेच. ओट्यावर कुणी जाळं शिवायला बसलं तर उठताना सगळे तुकडे उचलायला लाव.

जाळ्यातून निवडून फेकलेला कचरा किनाऱ्यावर पडलेला असतो. त्यात केंड मासा असला, तो फुगणारा, तर तो मांजराला पुरता घात आहे. त्याच्या यकृतात, अंडाशयात, कातडीत असं विष असतं की स्नायू लुळे पडत श्वास थांबतो. त्यावर उतारा नाही. मांजर तो खाईल का, हा प्रश्न भुकेवर अवलंबून, आणि तुझी मांजरं किनाऱ्यावर भुकेली जाताच कामा नयेत. शिंगाळ्याचे काटेही विषारी, पंजात मोडले की पाय सुजतो.

आणि घरात रोज नुसती मासळी घालू नकोस. काही जातींच्या कच्च्या माशात असा एक पदार्थ असतो जो जीवनसत्त्व ब-1 मोडून टाकतो. महिनोन्‌महिने कच्ची मासळी खाल्लेलं मांजर मान खाली घालून झोकांड्या देत चालायला लागतं, झटके येतात. शिजवलं की तो पदार्थ नष्ट होतो. म्हणून मांदेली असो वा बोंबील, उकडून, मीठ-कांदा-लसूण न घालता, मधला काटा काढून. दोन दिवस मासळी, बाकी कोंबडी, अंडं, त्यांचं ते शहरातलं खाणं. दुधाचं म्हणशील तर बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, पोट बिघडतं. घरातल्या म्हाताऱ्या वाटीभर ठेवतीलच, त्यांच्याशी वाद घालू नकोस, वाटी हळूच उचल.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. हे दोन महिने वेगळे. किनाऱ्यावर ओली मासळी नाही, त्यामुळे गावातली सगळी बेवारस मांजरं घराघरांत शिरतात, आपल्या ओट्यावर मारामाऱ्या होतात, जखमा पिकतात. त्या काळात ताटली बाहेर ठेवायचीच नाही आणि तुझी मांजरं दुपारीही जाळीच्या आत. याच दिवसांत साप बाहेर पडतात. बिळांत पाणी शिरलं की नाग, मण्यार, घोणस, फुरसं, सगळ्यांना कोरडी जागा हवी असते. रचलेली जाळी, लाकडं, चिकूच्या पालापाचोळ्याचे ढीग. ते ढीग मे महिन्यातच घरापासून लांब हलव. दाराखालची फट बुजव, कारण मांजर अर्धमेला साप तोंडात धरून तुला दाखवायला आणतं. रात्री कडी लावायची, हे आजी जे म्हणायची ते मुख्यतः यासाठीच. मण्यार रात्रीच हिंडते. मांजराला साप चावला असं वाटलं, म्हणजे मागचे पाय लुळे, पापण्या जड, किंवा पंजा भराभर सुजतोय, हिरड्यांतून रक्त, तर दोरीने आवळायचं नाही, चिरायचं नाही, टोपलीत घालून शक्य तितकं न हलवता डॉक्टरकडे. सापावरचं इंजेक्शन मांजरालाही देतात. आधी फोन करून विचार, आहे का म्हणून.

वाडीत जाताना मुकादमाला दोन गोष्टी विचारून ठेव: फवारणी कधी, आणि उंदरांना काय घातलंय. फवारलेल्या गवतातून आलेलं मांजर पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. पान वाळेपर्यंत, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत, आत ठेव. उंदरांच्या विषात दोन तऱ्हा. ती काळपट पूड, झिंक फॉस्फाइड, तिच्यावर उतारा नाही, वेळ फार थोडा मिळतो. दुसऱ्या वड्या, त्यांनी रक्त गोठत नाही. मांजर दोन-चार दिवसांनी मलूल पडतं, हिरड्या पांढऱ्या दिसतात. त्यावर के-1 जीवनसत्त्वाचं औषध चालतं, वेळेवर नेलं तर वाचतं. विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजराला विषबाधा होते, म्हणून नुसती वडी लपवून भागत नाही. पाकीट जपून ठेवायला सांग, डॉक्टर पहिलं तेच विचारेल. आपल्या घरापुरतं मी म्हणेन, मांजर ठेवायचं आणि विषही ठेवायचं, हे दोन्ही चालायचं नाही. सापळा लाव.

कुंपणाला शेर असेल तर त्याची फांदी मोडून चीक डोळ्यात जातो. भरपूर पाण्याने धू आणि डॉक्टरला दाखव. फरशी फिनेलने पुसायची सवय सोड, ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं. आणि शेजाऱ्यांनी कितीही प्रेमाने दिलं तरी कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावू नकोस. त्यातलं परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराला थरथर सुटून झटके येतात. ताप वाटला म्हणून क्रोसिन द्यायचं नाही, अर्धी गोळीही जीव घेते.

तुला कदाचित आवडणार नाही अशी एक गोष्ट. थंडीत आपल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला तुतवार, चिखल्या, बगळे उतरतात. काही तर हजारो कोस उडून आलेले. 1991 साली सरकारने आपला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. त्या आदेशात मांजराचं नाव नाही, पण पहाटेच्या अंधारात पाखरं टिपणारं मांजर आपल्याच घरचं असतं. घंटी बांधून फार काही होत नाही. इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाने 2021 मध्ये शेकडो मांजरांवर पाहिलं: मांसाचं प्रमाण जास्त असलेलं खाणं दिल्यावर घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली, रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी खेळल्यावर 25 टक्क्यांनी, घंटीने काही फरक दिसला नाही. आजीची रात्रीची कडी आणि भरलेलं पोट, यात पाखरांचंही भलं होतं. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा भागात तर 1 जुलै 2022 नंतर जन्मलेल्या मांजरांना मोकळं सोडायलाच बंदी आहे. मला ते टोकाचं वाटतं, पण त्यांची पाखरं तशी राहिली नाहीत म्हणून ते त्या टोकाला गेले.

रस्त्याचं थोडक्यात. वाढवण बंदराला 1998 साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नकार दिला होता, 2024 मध्ये 19 जूनला केंद्राने मंजुरी दिली आणि 30 ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. त्यावर आपल्या घरातच दोन तट आहेत, तो वाद सणासुदीला पुरतो. मांजरापुरतं इतकंच, की वरोरकडून महामार्गाला जाणारा 32 किलोमीटरचा मोठा रस्ता आखलेला आहे आणि गावातली वर्दळ आजीच्या काळची राहणार नाही. म्हणून पुढचं दार मांजरासाठी कधीच उघडायचं नाही. जायचं-यायचं परसदारानेच, जेवणही मागेच. त्यांचं सगळं जग वाडीच्या बाजूला तयार होऊ दे. डंपरच्या आवाजाने मांजर लांब पळतं, मारतात त्या तिन्हीसांजेच्या मोटरसायकली. पावसात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायची, इंजिनाच्या उबेला मांजरं आत शिरतात. गणपती आणि दिवाळीत फटाके वाजायच्या आधीच दुपारी आत घेऊन ट्रे दे.

कंटाळलीस किंवा जमेनासं झालं तर एक मात्र करू नकोस. मासळीबाजारात खायला मिळेल म्हणून पिशवीतून नेऊन सोडणारे आहेत. पाळलेलं जनावर असं टाकणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, दंड हास्यास्पद असला तरी. तिथे आधीची मांजरं त्याला टिकू देत नाहीत. मला सांग, मी ठेवीन.

आणि हरवलंच तर पहिल्या दिवशी डहाणूपर्यंत पत्रकं लावत फिरू नकोस. हरवलेली बहुतेक मांजरं घरापासून पाचशे मीटरच्या आत सापडतात, त्यातही घरात वाढलेली तर दोन-तीन घरांपलीकडे जात नाहीत. भेदरून कुठेतरी घुसून बसतात आणि मालकाच्या हाकेलाही ओ देत नाहीत. शेजाऱ्यांचे माळे बघ, गवताच्या गंजी, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आत, बंद पडलेल्या डायमेकिंगच्या, म्हणजे साचे बनवायच्या, खोल्या. तिथे कुलूप लावताना कुणी आत बघत नाही. रात्री गाव झोपलं की बॅटरी घेऊन निघ, उजेडात डोळे चमकतात. सोबत डबा घे, पण वाजवून लगेच पुढे जाऊ नकोस, एका जागी बसून राहा. मागच्या पडवीत त्याचं अंथरूण टाकून दार किलकिलं ठेव. कोपऱ्यावरच्या दुकानात आणि दूधवाल्याला सांगून ठेव. गावात कुणाचं मांजर कुणाच्या माळ्यावर आहे हे त्या दोघांना माझ्याआधी कळतं.